रेफ्रीच्या गळ्यातला मफलर

खामगाव, जिनिंगच्या मागे
दि. ६ मार्च, शुक्रवार

चि. धम्मरत्न यास चांगुणाताईचा जयभीम अन् आशीर्वाद.

पत्र लिहायचं कारण असं का तू माझा फोन उचलत नाई. मेसेज वाचते, निळ्या खुणा दिसतात मले, पण उत्तर देत नाई. म्हणून कागद घेतला. सही घेऊन देतात त्या टपालानं पाठवून राह्यली, म्हणजे पत्र भेटलंच नाई असं म्हणायची सोय नाई. तुझी तब्येत कशी हाय? गुडघा अजून दुखते का? (याचं खरं उत्तर दे.) संजीवनीले माझा जयभीम सांग. इकडे सगळे बरे हायेत. तुझी भाची समता बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाले हाय. सासूबाई बऱ्या हायेत, सगळ्या घराचे कपडे दोनदा धुतात. तुझे भाऊजी माणिकराव बरे हायेत. (तू विचारलं नाई तरी सांगते, घरचा माणूस हाय तो.) मी चौथी शिकली हे तुले ठाऊक हाय, तवा काना-मात्रा पाहत बसू नको, मजकूर पाह्य. अन् आधीच सांगून ठेवते का हे पत्र तुले बोलवायले नाई. सहा वर्षं तू आला नाई, तुझी मर्जी. इकडे काय झालं ते फक्त कळवून राह्यली.

तं उगवता तारा क्रीडा मंडळ अजून दुसऱ्याच डिव्हिजनमध्ये हाय, अन् तिथंही खालून पहिलं. (तीस वर्षं झाले, हा तारा उगवूनच राह्यला.) समता आपल्या मॅच मोबाईलवर लाईव्ह दाखवते. पाहणारे सात जण असत. दोन आपले पोट्टे दुबईवाले, एक आपल्या आताच्या गोलकीपरची, रवीची होणारी बायको, बाकीचे चुकून आलेले. गेल्या वर्षी जानेवारीत जिनिंग जोरात चालू होतं अन् रुई उडून सगळ्या मैदानावर पडली होती. दरवर्षी पडते, तू त्याच्यातच लहानाचा मोठा झाला, शिंका देत देत. तं तिकडे नॉर्वे म्हणून देश हाय, लय थंड, तिथल्या एका रिटायर बस ड्रायव्हरनं ते पाह्यलं. त्याले वाटलं हिंदुस्थानात बर्फ पडून राह्यला अन् हे लोक अर्ध्या चड्डीवर खेळून राह्यले. त्याचं नाव ओले. (कोरडा असला तरी ओलेच.) त्यानं बायकोले हाक मारली, तिचं नाव इंगर. तिनं शेजाऱ्यायले बोलावलं. ती रुई होती हे त्यायले समजेपर्यंत महिना गेला, अन् तवापर्यंत त्यायले आपल्या क्लबचा नाद लागून गेला होता.

नाद माझ्यामुळं लागला असं समता म्हणते. मी मैदानाच्या कडेले उभी असते अन् मोबाईल माझ्याच बाजूले असते, म्हणून माझा आवाज त्याच्यात सगळ्यात मोठा. मी काय गाणं म्हणत नाई. पास काऊन नाई दिला बे, झोपला काऊन बे, उभा काऊन बे, असं माझं नव्वद मिनिटं चालू असते. त्यायले अर्थ समजत नव्हता पण समाधान वाटत होतं म्हणे. एक दिवस समतानं मले त्यायचा व्हिडिओ दाखवला. एका गॅरेजात वीस-पंचवीस म्हातारे, नाकं लाल, अंगावर रजईसारखे कोट, अन् आपल्या रवीनं गोल खाल्ला का सगळे मिळून एका सुरात ओरडतात, काऊन बे! मले घडीभर लाज वाटली. मंग पाह्यलं का त्यायचा हेल चुकून राह्यला, तं मीच मोबाईलवर बोलून बरोबर करून पाठवला.

आता तुले वाटन का या लोकायले दुसरं काम नाई का. मले बी तेच वाटलं अन् मी सरळ विचारलं. समताच्या मोबाईलमध्ये ते बोललेलं पलटवून देते. मी म्हटलं, बाई, आम्ही हरतो, आमच्या गोलले जाळी बी धड नाई, तुम्ही आमच्यावर इतका जीव काऊन लावता? इंगरचं उत्तर आलं ते मी तुले जसंच्या तसं लिहिते. ती म्हणे, आमच्या गावचा साठ वर्षांचा क्लब बंद झाला. खेळणारे कमी, पाहणारे त्याहून कमी. त्या मैदानावर आता एका मोठ्या दुकानाच्या गाड्या उभ्या राहतात. दर शनिवारी दुपारी आम्हाला उभं राहायला जागाच उरली नाही. अन् आमच्या मैदानावर एक बाई होती, ती अशीच ओरडायची. ती आता नाही.

मी समताले म्हटलं, लिही त्यायले, रविवारी चार वाजता मॅच हाय, टाईमावर या.

तवापासून ते दर मॅचले येतात, मोबाईलमधून. तुझ्या काळच्या मॅचची बी जुनी रेकॉर्डिंग समतानं त्यायले दिली. ती शेवटची, ज्याच्यात तू सात गोल खाल्ले, तीच त्यायले सगळ्यात आवडते. सातव्या गोलनंतर तू जाळीतून चेंडू काढला, शर्टानं पुसला अन् सामनेवाल्या पोट्ट्याच्या हातात नीट दिला. ओले म्हणे असा गोलकीपर त्यानं कधी पाह्यला नाई. पुढं माईकवर जे झालं ते त्यायले समजलं नाई. ते आपल्याले समजलं. याच्यापेक्षा गोलमध्ये झोपायची बाज उभी केली असती तं बरं, असं माणिकराव म्हटले अन् सगळ्या खामगावानं ऐकलं अन् तू पुण्याले गेला. आता ते जाऊ दे. ते लोक दर चार दिवसांनी विचारतात, एक नंबरवाला कुठी हाय? मी सांगते, पुण्याले, रुसून.

आता खरी गोष्ट. फेब्रुवारीत त्यायचा खोका आला. खोक्यात चाळीस मफलर. लोकरीचे. हातानं विणलेले, निळे-पांढरे, एका बाजूले इंग्रजीत क्लबचं नाव अन् दुसऱ्या बाजूले मोठ्या अक्षरात काऊन बे. इतक्या मायेनं पाठवले का डोळे भरून यावे, पण खामगावात ऊन छत्तीसवर होतं. फोटोपुरते पोट्ट्यायनं घातले, अर्ध्यायच्या मानेले घामोळ्या आल्या. मंग जे ते आपापल्या कामाले लागलं. सासूबाई हंड्याखाली चुंबळ करतात, टँकरवाल्यानं गळका पाईप बांधला. मी ओलेले कळवलं का मफलर रोजच्या वापरात हायेत. त्याले लय आनंद झाला.

अन् सत्काराचं तुले नव्यानं सांगायले नको. मॅच चारची असली तं साडेचारपर्यंत माणिकराव माईकवर. जिनिंगचे मॅनेजर, नगरसेवक, पाणी मारणारा टँकरवाला, सामनेवाल्यायचा कोच, सगळ्यायले शाल अन् नारळ. शाल तीच एक, हिरवी, पिवळ्या किनारीची, तू असतानाची. टाळ्या थांबल्या का शाल घडी करून खुर्चीवर ठेवायची अन् नारळ घरी न्यायचा, हे अख्ख्या तालुक्याले ठाऊक हाय. पंधरा वर्षांत कोणी चुकला नाई. (एक नवीन साहेब चुकून घेऊन गेला होता, त्याच्या मागं माणिकराव मोटरसायकलवर शेगावपर्यंत गेले अन् आणली.)

बावीस फेब्रुवारीले शेवटची मॅच होती, वज्र मंडळासोबत. जिंकलो तं लीगमध्ये राहू, नाई तं नाव कट, अन् एकदा नाव कटलं का तीन वर्षं परत घेत नाईत. तीन वर्षांनी कोण खेळणार हाय? रवी बत्तीसचा झाला. म्हणजे नाव कट झालं का क्लब संपला समज. रेफ्री होते चंद्रशेखर सर, आपल्या शाळेचे पीटीवाले, वीस वर्षं शिट्टी वाजवून राह्यले अन् कोणाच्या चहाचे मिंधे नाईत. सत्काराले ते उभे राह्यले, हातात नारळ, अन् शाल कुठी हाय? शाल दोरीवर, ओली. सासूबाईनं ऐन त्या सकाळी धुतली होती. माणिकराव माईकवर शाल, शाल करून राह्यले, टाईम होऊन राह्यला, पोट्टे उन्हात उभे. तेवढ्यात कोणीतरी म्हटलं का मफलर टाका ना गळ्यात अन् मोकळे व्हा. (कोण ते विचारू नको, गर्दी होती.) माणिकरावानं टाकला. नुसता टाकला असता तं गोष्ट वेगळी, पण शिलाईवाला माणूस, त्यायनं गाठ मारली, कापडाच्या गठ्ठ्याले मारतात तशी. सरायले शालीचा नियम ठाऊक, मफलरचा नाई. परत ठेवायचा का ठेवून घ्यायचा? त्यायनं सोडून पाह्यला, गाठ सुटेना, शिट्टीची दोरी बी आत गुतली. सभ्य माणूस. तसेच मैदानात उतरले.

अन् सरायनं नव्वद मिनिटं तो लोकरीचा मफलर घालून पळत पळत रेफ्रीगिरी केली. गळ्यात आपल्या क्लबचं नाव, पाठीवर काऊन बे. अन् आपण जिंकलो! एक शून्य, पेनल्टीवर. पेनल्टी खरी होती, वज्रच्या पोट्ट्यानं चेंडू हातानं अडवला, मी पाच हातांवरून पाह्यलं. पण फोटोत काय दिसते? आपला मफलर घातलेला रेफ्री बोट दाखवून आपल्याच पोट्ट्यायले पेनल्टी देऊन राह्यला.

नॉर्वेत त्या दिवशी म्हातारे रडले. पावणेदोन वर्षांनी जिंकलो होतो. त्या आनंदात पाच जणायनं विमानाची तिकिटं काढली. तेरा मार्चले येऊन राह्यले, ओले, इंगर अन् आणखी तीन. त्यायले मैदान पाह्यचं हाय, रुई हातात घ्यायची हाय. अन् इकडे तिसऱ्या दिवशी वज्रवाल्यायनं फोटो लावून तक्रार दिली अन् जिल्हा कमिटीनं आपल्याले हरलेलं ठरवून नाव कट केलं. म्हणजे एकदा त्यायचा क्लब त्यायच्या डोळ्यांसमोर गेला, अन् आता दुसरा पाहायले इतक्या दुरून येतील तं इथं बी नाई. मी काय दाखवू त्यायले? जिनिंगचा पत्रा? मी माणिकरावाले म्हटलं, तुम्ही अध्यक्ष हा, जा बुलढाण्याले. ते म्हणे अर्ज लिहू. मी म्हटलं तुम्ही लिहीत बसा.

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरली, बोथ्याच्या घाटानं बुलढाणा. कमिटीचे चिटणीस भालचंद्र साहेब म्हणे, अर्ज तीन प्रतीत द्या अन् पुढच्या आठवड्यात या. मी म्हटलं बसते. ते म्हणे बसून उपयोग नाही. मी म्हटलं उपयोगाचं पाहून घेऊ, आधी बसते. डबा खायच्या टाईमापर्यंत बसली. त्यायनं भिंतीकडे तोंड करून डबा खाल्ला. मंग मी पिशवीतून हिरवी शाल काढली अन् त्यायच्या टेबलावर अंथरली. (डबा बाजूले सरकवून. तेल लागलं असतं.) साहेबांनी पिवळी किनार बोटांनी चाचपून पाह्यली. आठ वर्षांखाली आपल्या मैदानावर त्यायचा सत्कार झाला होता.

"ही अजून चालू आहे?" ते म्हणे. "मी घडी करून ठेवली होती ना खुर्चीवर?"

मी म्हटलं, "हाव, लय चांगली घडी केली होती. आता एक सांगा. ही शाल अंगावर घेतल्यापासून आठ वर्षांत तुम्ही आमच्या बाजूनं एक तरी निकाल दिला का?"

साहेबांनी विचार केला. इमानदारीनं केला, तेवढं मी त्यायले मानते. म्हणे, "नाही."

"मंग एका मफलरानं चंद्रशेखर सर कसे फिरतील?"

ते त्यायले पटलं, पण फाईलीत फोटो होता. शेवटी असं ठरलं का निकाल रद्द, मॅच परत. पंधरा मार्च, रविवार, चार वाजता, आपल्याच मैदानावर, रेफ्री दुसरा, अन् गळ्यात काईच नाई. जिंकलो तं राह्यलो. मी तिथंच शाल घडी केली अन् घरी आली.

पण चंद्रशेखर सरायचं मले वाईट वाटून राह्यलं. शाळेत पोट्टे त्यायच्या मागून काऊन बे म्हणतात. ते एक दिवस आमच्या घरी आले. मफलर धुतलेला, इस्त्री केलेला, घडी करून ओसरीतल्या खुर्चीवर ठेवला अन् गेले. पंधरा वर्षांत शाल ठेवून गेलेला माणूस पाहून मले असं कधी झालं नव्हतं.

अन् हे सगळं निस्तरलं तं नवीनच. पंधरालेच रवीचं लग्न, जळगाव जामोदले, अकराचा टाईम. मी नवरीच्या घरी जाऊन आली. म्हटलं, तारीख हलवा, नाई तं सकाळी आठले लावून टाका अन् जेवण झालं का नवरदेव माझ्यासोबत द्या. नवरी तयार होती, चांगली पोट्टी हाय, ती सात पाहणाऱ्यायपैकीच एक. पण तिची आई मंजुश्री म्हणे, बाई, तुम्ही लग्नाले या, गोलकीपर न्यायले येऊ नका. चहा बी अर्धाच दिला. आता उरला दुसरा गोलकीपर संघर्ष. उंच हाय, दिसते बरा, पण चेंडू आला का डोळे मिटते. सहा दिवस झाले, रोज सकाळी मी त्याच्यावर चेंडू मारून राह्यली. काल त्यानं एक अडवला, पण तो त्याच्या तोंडावर आला होता.

तं असं हाय. बाकी इकडे ठीक. ऊन वाढून राह्यलं, रुई अजून उडून राह्यली. तब्येतीले जप.

तुझी ताई,
चांगुणा

ता. क. रविवारी पंधरा तारखेले चार वाजता गोलमध्ये तू उभं राह्यचं. वर लिहिलं का हे पत्र बोलवायले नाई, ते खरंच हाय. हे बोलावणं नाई, सांगणं हाय. तुझं नाव कमिटीच्या यादीत अजून हाय, मी बुलढाण्याले पाहून आली, त्या दिवशी बसली होती ती काय उगीच बसली नाई. शनिवारी सकाळी शेगावले उतर, रवीचा भाऊ गाडी घेऊन येईन. गुडघ्याचं विचारलं ते याच्यासाठीच. दुखत असन तं आतापासून तेल लाव.

ता. क. दुसरं. मफलर टाका म्हणणारी मीच होती. गर्दी काई नव्हती. मले घाई झाली होती अन् मी म्हटलं. काल शाळेत प्रार्थनेच्या टाईमाले गेली अन् सगळ्या पोट्ट्यायसमोर सांगितलं का चूक माझी हाय, अन् आता सरायच्या मागून कोणी काऊन बे म्हटलं तं मी त्याच्या मागून म्हणीन. सर पंधराले मॅच पाहायले येऊन राह्यले. त्यायचा सत्कार शालीनं होईन. सासूबाईले आठ दिवस दोरीपासून दूर ठेवलं हाय.

ता. क. आणखी एक, नाई तं तू मैदानावर चिडशीन. बाजेची गोष्ट मी इंगरले सांगून बसली. मोबाईलनं ती कशी पलटवली मले माहीत नाई, पण त्यायले वाटलं का आपल्याइकडे गोलकीपरले बाज म्हणणं म्हणजे मोठा मान हाय. त्यायनं चार हात लांब कापडावर निळी बाज रंगवली हाय, खाली तुझं नाव अन् एक नंबर. ती घेऊन येऊन राह्यले. तू येते हे मी त्यायले मागच्या आठवड्यातच कळवलं. बाज पाह्यली का हात वर करजो अन् हसजो. त्यायनं महिनाभर मेहनत केली.

ता. क. शेवटचं. पार्सल जड लागलं असन, त्याच्यात तुझे हातमोजे हायेत. घालून सराव कर. तू गेला तवा उजवा अंगठा फाटलेला होता अन् ते खिळ्यावर तसेच लटकून होते. आज बांधायले काढले तं अंगठा शिवलेला निघाला, आतून, दुहेरी टाक्यानं. मी शिवला नाई, अन् समताले सुईत दोरा ओवता येत नाई. मी विचारायले गेली तं माणिकराव मशीनवर मान खाली घालून बसले होते. मले म्हणे, मधात बोलू नको, एक नंबरची जर्सी दोन बोटं ढिली करून राह्यलो, पुण्यात धम्माचं पोट सुटलं असन.